जुने कपडे नकोत, पंचनाम्याची प्रत आणा



मार्च महिन्यात एका गुरुवारी दुपारी आमच्या वस्तीतले एक घर जळाले. खांबावरून घरात आलेल्या वायरीवर ठिणगी पडली, पत्र्याखालच्या प्लायवूडने पेट घेतला आणि वीस मिनिटांत संसार संपला. घरात तेव्हा फक्त आजी होत्या. शेजारच्या पोरांनी त्यांना उचलून बाहेर आणले. वहिनी कामावर होत्या, भाऊ हमालीला आणि मोठी मुलगी दहावीचा पेपर देऊन घराकडे निघाली होती. तिने गल्लीच्या तोंडाशी धूर पाहिला. आपलेच घर जळतेय हे तिला पुढच्या वळणावर कळले. जीव कोणाचा गेला नाही. बाकी सगळे गेले.

अग्निशमनची गाडी आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आमची गल्ली जेमतेम पाच फुटांची आहे. पाइप ओढत आत आणेपर्यंत विझवण्यासारखे फार उरले नव्हते.

त्यानंतरच्या आठ दिवसांत आम्ही कार्यकर्त्यांनी जे केले आणि जे केले नाही, त्याबद्दल हा लेख आहे. दुसऱ्यांवर टीका करायला आम्हाला वेळ लागत नाही. या वेळी आधी स्वतःवर करतो, कारण आमची चूक त्या कुटुंबाला एक लाख बारा हजार रुपयांना पडणार होती.

आम्ही काय केले?

त्याच संध्याकाळी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन टाकले. समाज मोठ्या मनाचा आहे, मदतीचा ओघ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विहाराच्या ओट्यावर कपड्यांचा ढीग पडला. त्यात चेन नसलेल्या पँटी होत्या, लग्नातले कोट होते, एका पायाचे बूट होते. सहा माणसांच्या घराला चाळीस साड्या आल्या, पण आतले कपडे एकानेही दिले नाहीत. बादली आली नाही, कुलूप आले नाही, आजींच्या बीपीच्या गोळ्या आल्या नाहीत. वहिनींना आणि मुलीला अंघोळ कुठे करायची, पाळीचे काय करायचे, हे आम्हा पुरुष कार्यकर्त्यांच्या डोक्यातच आले नाही. ते तिसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या ताईंनी विचारले.

मग पाहुणे यायला लागले. आजी-माजी नगरसेवक, त्यांचे विरोधक, दोन गटांचे तालुकाध्यक्ष. प्रत्येकाच्या हातात दहा किलो गहू, पाच किलो तांदूळ आणि मागे फोटोवाला. प्रत्येक वेळी कुटुंबाला ओळीत उभे करायचे काम आम्हीच केले. इतिहासाच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलीला आम्ही तीनदा हाक मारली. उसन्या पुस्तकातून वाचत बसलेली पोरगी तीनदा उठून आली, पिशवीला हात लावला, कॅमेऱ्याकडे पाहिले आणि परत गेली. चौथ्यांदा हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "दादा, माझा फोटो नको. माझ्या वर्गातली मुलं बघतात."

तिचे हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. सवर्णांनी मदत करताना फोटो काढला की आपण त्याला भीक घालणे म्हणतो. मग तेच आपण केले तर त्याला समाजकार्य का म्हणायचे?

आम्ही काय केले नाही?

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास तलाठी पंचनाम्याला आले. तेव्हा आम्ही विहारात गहू मोजत होतो. जळलेल्या घरापाशी आजी आणि भाऊ होते. भाऊ रात्रभर झोपलेला नव्हता. पंच म्हणून बाजारपेठेतली दोन माणसे सोबत आली होती. वस्तीतला पंच एकही नव्हता. कागद लिहिला गेला, भावाने दाखवलेल्या जागी सही केली. कागदावर काय लिहिलेय हे त्याने वाचले नाही, आम्हीही विचारले नाही.

आठव्या दिवशी वस्तीतले एक निवृत्त महसूल कर्मचारी काका विहारात आले. त्यांनी कपडे आणले नव्हते, गहू आणला नव्हता. त्यांनी एकच विचारले, "पंचनाम्याची प्रत कुणाकडे आहे?" कुणाकडेच नव्हती. ती मिळवली तेव्हा त्यात लिहिलेले होते: 'झोपडी, पूर्णतः जळालेली.'

हे घर झोपडी नव्हते. विटांच्या भिंती होत्या, वर लोखंडी अँगलवर पत्रा होता, खाली शहाबादी फरशी होती. नगरपरिषदेत त्याची घरपट्टी भरली जात होती, विजेचा मीटर नावावर होता. पण वस्ती आमची, म्हणून लिहिणाऱ्याच्या हातून शब्द आपोआप 'झोपडी' असा उतरला.

आता या एका शब्दाची किंमत पाहा. आग ही शासनाच्या आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळणाऱ्या आपत्तींपैकी एक आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांनुसार सपाट भागातले घर पूर्ण नष्ट झाले, मग ते पक्के असो वा कच्चे, तर १ लाख २० हजार रुपये मदत आहे. डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. आणि झोपडी नष्ट झाली तर ८ हजार. कपड्यांसाठी अडीच हजार आणि भांड्यांसाठी अडीच हजार, ते वेगळे. याच निकषांत झोपडीची व्याख्याही आहे: गवत, माती, प्लास्टिकचा कागद अशा वस्तूंपासून केलेला, कच्च्या घरापेक्षाही हलका तात्पुरता निवारा. विटांची भिंत या व्याख्येत बसत नाही. निकष वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या वेळचा शासन निर्णय काढून वाचावा. पण घर आणि झोपडी हा फरक कायम महत्त्वाचा राहणार आहे.

१ लाख २० हजार वजा ८ हजार म्हणजे १ लाख १२ हजार रुपये. आम्ही आठ दिवस राबून गोळा केलेला सगळा गहू, तांदूळ, साड्या, कोट आणि रोख रक्कम एकत्र केली तरी तिची किंमत याच्या निम्मीही भरत नव्हती. एका शब्दाने जे गेले होते, ते आमच्या सगळ्या दातृत्वाने भरून येणार नव्हते.

आग अपघाताने लागते, पण...

काही मित्र म्हणतील, "शॉर्टसर्किटने लागलेल्या आगीत जात कुठून आणता?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

वायरीवर ठिणगी पडणे हा अपघात आहे, मान्य. पण गल्ली पाच फुटांची का आहे? गावकुसाबाहेर जी जागा टाकून दिली तिथे तीन पिढ्या वाढल्या, घराला घर चिकटत गेले आणि विकास आराखड्यातला रस्ता वस्तीच्या कडेने वळून गेला, म्हणून. विजेच्या तारा डोक्याला लागतील अशा का लोंबतात? वस्तीने दिलेले अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, म्हणून. घरात प्लायवूड आणि ताडपत्री का असते? स्लॅब टाकायला कर्ज मिळत नाही, कारण जागेचा उतारा नावावर नसतो. आणि उतारा का नसतो, हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको.

हे फक्त आमच्याच तालुक्यातले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत कांदिवलीच्या दामू नगरात आग लागली आणि सिलिंडरचे एकामागून एक स्फोट होत शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुण्यात पाटील इस्टेटची वस्ती जळाली. ठिणगी कुठेही पडू शकते. पण ती बंगल्यात पडली तर एक खोली जळते आणि विमा मिळतो. वस्तीत पडली तर ओळ जळते आणि पंचनाम्यात 'झोपडी' लिहिले जाते. हा फरक व्यवस्थेने ठरवलेला आहे, म्हणून जळलेल्या घरामागे उभे राहणे हे चळवळीचेच काम आहे.

"हे एनजीओचे काम आहे"

आमच्यातलाच एक हुशार, वाचणारा कार्यकर्ता म्हणाला, "मदतवाटप हे एनजीओचे काम. आपण सत्तेचे राजकारण करायचे." त्याच्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे. वाटप हे आपले काम नाहीच. पण कुटुंब पुन्हा उभे करणे म्हणजे वाटप नव्हे.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. परिषदा आणि ठराव तर झालेच, पण त्याबरोबर सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहही निघाले. पोराच्या राहण्या-जेवण्याची सोय करणे हे त्यांना राजकारणाच्या खालचे काम वाटले नाही. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही. समता आपण कोर्टात मागतो, स्वातंत्र्य मोर्चात मागतो. बंधुता कुठे दाखवायची? ती शासनाकडे मागून मिळत नाही. शेजाऱ्याचे घर जळाल्यावर आपण कसे वागतो, तिथे ती दिसते.

दान आणि बंधुता यांतला फरकही इथेच कळतो. दान देणारा आपल्याकडे काय जास्त झालेय ते पाहतो, म्हणून एका पायाचा बूट येतो. भाऊ समोरच्याला काय लागतेय ते आधी विचारतो. दान घेणाऱ्याने आभार मानायचे असतात, त्याने रागावायचे नसते. बंधुतेत तो म्हणू शकतो, "दादा, माझा फोटो नको," आणि आपण कॅमेरा खिशात घालायचा असतो.

मग करायचे काय?

मित्रांनो, आम्ही चुकत चुकत जे शिकलो ते सांगतो. दुसऱ्या वस्तीला आठ दिवस वाया घालवावे लागू नयेत.

पहिल्या दिवशी चार माणसांना चार कामे वाटून द्या. एकाने कुटुंबाजवळ राहायचे. भेटायला येणारे, फोटोवाले आणि सल्ले देणारे यांना त्याच्यामार्फतच जाऊ द्यायचे. दुसऱ्याने जळलेल्या घराचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे, राख उपसण्याआधी. भिंती, फरशी, मीटर, वाकलेले अँगल, कपाट, शिलाई मशीन, सगळे. तिसऱ्याने पोलीस ठाण्यात जळिताची नोंद करून तिची प्रत घ्यायची, नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाकडे दाखल्याचा अर्ज द्यायचा आणि तहसील कार्यालयात लेखी कळवायचे. आणि चौथी एक ताई हवीच, जी बायकांना वेगळे घेऊन विचारेल, "काय काय लागतंय?" ती यादी तिच्याकडेच राहील.

पंचनाम्याच्या वेळी वस्तीतली दोन शिकलेली माणसे हजर पाहिजेत. लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवायला सांगायचे. घराचा प्रकार, भिंती कशाच्या, छत कशाचे, घराची लांबी-रुंदी, आतल्या वस्तूंची यादी, सगळे आले का ते पाहायचे. नसेल तर सहीआधी नम्रपणे पण ठामपणे सांगायचे. प्रत मागायची. ती दिली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पण तोवर महिना जातो, म्हणून जागेवरच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

आगीचे कारण खरे तेच सांगायचे. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडे कुणीतरी सुचवले की "सिलिंडर फुटला म्हणून लिहा, विमा मिळतो." तेल कंपन्यांचा विमा खरा आहे. आगीचे मूळ कारण गॅस असेल तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी जास्तीत जास्त २ लाख रुपयांपर्यंत भरपाई आहे. त्यासाठी गॅस एजन्सीला ताबडतोब लेखी कळवावे लागते. ज्यांच्याकडे आग गॅसमुळे लागली त्यांनी हा हक्क सोडू नये. पण आमच्याकडे आधी वायर पेटली आणि सिलिंडर नंतर फुटला. खोटे लिहिले असते तर एक दावा बुडाला असताच आणि वायरीबद्दलची तक्रारही खोटी पडली असती. आम्ही वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांना अर्ज दिला. ते प्रकरण चालू आहे.

कागदपत्रे हे दुसरे घर असते. तेही जळालेले असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. या मुलीचे हॉलतिकीट हरवले होते आणि दोन पेपर बाकी होते. ती रात्रभर रडली. सकाळी मुख्याध्यापकांना भेटलो तेव्हा त्यांनी शाळेच्या लॉगिनमधून पुन्हा प्रत काढून सही-शिक्का करून दिली. दहा मिनिटांचे काम होते. पण ते दहा मिनिटांचे आहे हे सांगणारा माणूस रात्री तिच्याजवळ असायला हवा होता. शिधापत्रिका जळाली तरी रेशन थांबत नाही, दुकानातल्या मशीनवर अंगठा लावून धान्य मिळते, आणि दुय्यम प्रतीसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करता येतो. आधार क्रमांक आठवत नसेल तरी आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून शोधून मिळतो.

सर्वांत मोठा धोका जातीच्या दाखल्याच्या पुराव्यांना असतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० हा मानीव दिनांक आहे. त्याआधीचा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्याचा किंवा जुन्या महसुली नोंदीचा कागद घरात कुठल्या तरी पत्र्याच्या पेटीत जपलेला असतो. तो जळाला की नातवंडांच्या जात पडताळणीची पंचाईत होते. मूळ नोंद शाळेच्या रजिस्टरात किंवा अभिलेख कक्षात असते, तिथून प्रमाणित प्रत मागता येते. पण कुठल्या शाळेची, कुठल्या गावची, हे आजींनाच माहीत असते. म्हणून आजींजवळ बसून ते लिहून घ्या. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आजच आपल्या घरातल्या अशा कागदांचे फोटो काढून घराबाहेर कुठेतरी ठेवावेत.

कर्जाचे विसरू नका. चौथ्या दिवशी एका मायक्रोफायनान्स कंपनीचा वसुलीवाला विहाराच्या ओट्यावर येऊन बसला. वहिनींचा हप्ता थकला तर गटातल्या बाकीच्या बायकांनी भरायचा, असा त्यांचा नियम. त्यामुळे ज्या शेजारणी काल भाकरी घेऊन आल्या होत्या, त्याच आज घाबरून वहिनींकडे पाहत होत्या. आगीने न तुटलेली वस्ती हप्त्याने तुटायला आली होती. आम्ही गटातल्या सगळ्या बायकांना घेऊन त्यांच्या शाखेत गेलो, जळिताच्या नोंदीची प्रत जोडून अर्ज दिला आणि दोन महिन्यांची सवलत लेखी घेतली. तोंडी सवलतीवर विश्वास ठेवायचा नाही.

आणि मदत द्यायची तर शक्यतो पैशाने द्या, घरातल्या बाईच्या बँक खात्यात द्या आणि त्याचा हिशेब तिला विचारू नका. हिशेब मदत गोळा करणाऱ्यांनी द्यायचा असतो. आम्ही जमलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहिला, पण देणाऱ्यांची नावे लिहिली नाहीत.

आग लावली असेल तर

इथपर्यंत बोललो ते अपघाताबद्दल. पण आपल्या इतिहासात सगळ्या आगी अपघाताच्या नाहीत. २५ डिसेंबर १९६८ रोजी तमिळनाडूत किळवेणमणीला मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे एका झोपडीत जाळली गेली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरे पेटली. म्हणून कुठेही आग लागली की पहिला प्रश्न "कशाने लागली?" हा असावा आणि दुसरा "कुणी लावली का?" हा असावा. उगाच संशय घेऊ नये, पण खरा संशय गिळूही नये.

आग लावली असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आगीने मालमत्तेचे नुकसान करणे आणि राहते घर जाळणे यासाठी त्यात कलम ३(२) खाली स्वतंत्र तरतुदी आहेत. राहते घर नष्ट करण्याच्या हेतूने आग लावली तर जन्मठेपेची शिक्षा आहे. नियमांप्रमाणे जिल्हा प्रशासनाने सात दिवसांत तातडीची मदत द्यायची आहे आणि जाळलेल्या घराच्या जागी शासनाच्या खर्चाने विटांचे किंवा दगडी घर बांधून द्यायचे आहे. कायद्यात 'झोपडी' लिहिलेले नाही, पक्के घर लिहिलेले आहे. हे एफआयआर लिहिताना ठाणे अंमलदाराला माहीत नसेल तर आपल्याला माहीत असले पाहिजे.

जयंतीची वर्गणी

आता अवघड विषय. आग लागली तेव्हा चौदा एप्रिल महिन्यावर आला होता. मंडळाची वर्गणी जमली होती, डीजेला आगाऊ रक्कम दिली होती. बैठकीत प्रश्न आला की यातले काही पत्र्यांसाठी द्यायचे का? बैठक तीन तास चालली आणि आवाज चढले.

एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "जयंती हा आपला एकमेव सण आहे. वर्षभर मान खाली घालून काम करतो, एक दिवस रस्ता आपला असतो. तोही सोडायचा?" या भावनेची कुणी टिंगल करू नये. ज्यांना शतकानुशतके रस्त्याच्या कडेने चालावे लागले, त्यांनी रस्त्याच्या मधून नाचत जाणे हे नुसते नाचणे नसते. मध्यमवर्गीय आंबेडकरी माणूस हे विसरतो आणि पोरांना उपदेश करतो, म्हणून पोरे त्याचे ऐकत नाहीत.

पण बैठकीत मागे बसलेल्या एका मावशी उठल्या. म्हणाल्या, "मिरवणूक त्या घरासमोरून जाणार ना? तिथं डीजे वाजवायची कुणाची हिंमत आहे, सांगा." कुणी काही बोलले नाही.

शेवटी डीजे रद्द झाला, आगाऊ दिलेले पैसे बुडाले. मिरवणूक निघाली, हलगी आणि घोषणांवर निघाली. वाचलेल्या रकमेतून अँगल आणि पत्रे आले. वेल्डिंग वस्तीतल्याच एकाने केले, मजुरी घेतली नाही. ज्या पोराने विरोध केला होता तोच पत्रे चढवायला वर होता. म्हणून आमचा प्रस्ताव असा: प्रत्येक मंडळाने जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा वस्ती निधी म्हणून वेगळ्या खात्यात ठेवावा, दोन सह्यांचे खाते, त्यातली एक सही बाईची. आग असो, पूर असो, कुणाच्या घरातला कमावता माणूस जावो, त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर हात पसरायची वेळ येऊ नये.

आज काय स्थिती आहे?

घर उभे आहे, अर्धवट. पावसाआधी पत्रा पडला हे समाधान. घरपट्टीचा उतारा, वीजबिलाची प्रत, भिंतींचे फोटो आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडून आम्ही तहसीलदारांकडे पंचनामा दुरुस्तीचा अर्ज दिला. चार चकरांनंतर फेरपाहणी झाली आणि नव्या अहवालात 'विटांच्या भिंतीचे घर' असे लिहिले गेले. कपडे आणि भांड्यांची मदत मिळाली. घराची रक्कम हा लेख लिहीपर्यंत आलेली नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेचा अर्जही नगरपरिषदेत दिला आहे. तो जागेच्या उताऱ्यावर अडला आहे. म्हणजे पुढची लढाई उताऱ्याची आहे आणि ती एका घराची नाही, पूर्ण वस्तीची आहे. अग्निशमनची गाडी आत येईल एवढ्या रस्त्याची मागणीही त्याच निवेदनात घातली आहे.

धाकटा मुलगा अजून शेगडी पेटवली की घराबाहेर पळतो. वहिनी त्याला रागवत नाहीत, आधी हाक मारून सांगतात, मग पेटवतात. त्याला वेळ लागेल. कुटुंब उभे राहायला पंधरा दिवस पुरत नाहीत, पण आमचा उत्साह पंधरा दिवसांतच संपला होता हेही मान्य करतो. आता दर रविवारी दोघे जण त्या घरी जातात. हातात पिशवी नसते, कागदांची फाइल असते.

मुलगी दहावी पास झाली. निकालाच्या दिवशी तिने स्वतः फोन केला, "दादा, आज फोटो काढायचा असेल तर काढा." आम्ही काढला. तो कुठेही टाकलेला नाही. तो तिच्या घरात लावण्यासाठी आहे, भिंतीला गिलावा झाला की.

तुमच्या वस्तीत अशी वेळ येऊ नये. पण आली तर गहू मोजायला बसण्याआधी जळलेल्या घरापाशी जाऊन उभे राहा आणि कागदावर काय लिहिले जातेय ते वाचा.

जय भीम! जय संविधान!